म्हाळपाखरांची मोजदाद

२ सप्टेंबर १९६३, सोमवार

हेडमास्तरांनी रजा दिली, पण 'पाखरं मोजण्यासाठी रजा मागणारा पहिलाच गणिताचा मास्तर' असं शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकवूनच दिली. हसा म्हणावं. सावंतवाडीहून सकाळच्या गाडीने निघालो तो दुपार कलताना वेळेवाडीत, बहिणीच्या, हिराबायच्या दारात.

काम नीट लिहून ठेवतो. वेळेवाडीच्या देवाच्या राईत एक पतंग निघतो. वीतभर रुंद, ताकाच्या रंगाचा, मागे दोन शेपट्या. भाद्रपदात, पितृपक्षाच्या सुमाराला कोशातून बाहेर येतो आणि आठ-दहा दिवसांत संपतो. इथले लोक त्याला म्हाळपाखरू म्हणतात. दुसरीकडे कुठे तो सापडल्याची नोंद नाही. राई आता सरकारजमा झाली आहे आणि कोळशासाठी तिचा मक्ता द्यायचं घाटत होतं. मी मुंबईच्या एका निसर्गमंडळाला पत्रावर पत्रं लिहिली, त्यांनी वर खटपट केली, आणि पतंग 'रक्षित' ठरला. पण तात्पुरता. कचेरीतल्या साहेबांनी अट घातली: संख्या हजाराच्या आत असेल तर राई कायमची राखू, हजारावर गेली तर पतंग काही दुर्मीळ नव्हे, कुऱ्हाड चालेल. मोजायचं कोणी? ज्याने ओरड केली त्याने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझ्या मते चारशेसुद्धा नसतील. म्हणजे राई वाचली. फक्त ते आकड्याने दाखवायचं आहे, आणि आकड्यांचं मला भय नाही.

लोक म्हणतात, म्हाळ जेवायला पितर या रूपाने येतात. म्हणून राईतल्या पाखराला कोणी बोट लावत नाही. अडाणीपणा खरा, पण आपल्या कामाचा अडाणीपणा.

बाय फार वाळली आहे. भावोजी, म्हणजे सहदेव, 'सातेरी' मचव्यावर होते. चार वर्षांमागे वैशाखातल्या वादळात मचवा गेला, नऊ माणसं गेली, एकाचंही प्रेत किनाऱ्याला लागलं नाही. भटांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी उरकायला सांगितलं होतं. नऊही घरांनी ऐकलं नाही. आज मी भावोजींच्या म्हाळाचा विषय काढला तर बाय म्हणाली, "जित्या माणसाचो म्हाळ घालतत काय रे?" तिच्याशी वाद घालून जिंकल्याचं मला आठवत नाही.

४ सप्टेंबर

पद्धत बायला समजावली. तांदळाच्या पिंपात दाणे किती, हे एकेक करून मोजायचं नसतं. मूठभर दाणे काढायचे, हळद लावून परत टाकायचे, मिसळू द्यायचे. मग पुन्हा मूठ भरायची. पिवळे दाणे पुष्कळ निघाले तर पिंपात दाणे थोडे. पिवळा एखाददुसराच निघाला तर दाणे अपार. त्रैराशिक मांडलं की झालं. पतंगाचंही तेच. अट एकच, मधल्या काळात पिंपात दुसऱ्या कोणी हात घालता कामा नये. इथे हात घालणार कोण? राईतलं पाखरू धरायची या गावात कोणाची छाती नाही.

"आणि खूण कशान करतलस?" बायने विचारलं, तेव्हा लक्षात आलं की रंगाची डबी सावंतवाडीलाच राहिली. मोठा शास्त्रज्ञ!

मग भिकाजी शेटच्या मांगरात, म्हणजे होड्यांचं सामान ठेवायच्या खोपीत गेलो. वाडीतले चार मचवे त्याचेच. 'सातेरी'ही त्याचाच होता. नव्या रंगांचे डबे त्याने दाखवलेसुद्धा नाहीत. बराच वेळ डोकं खाजवलं आणि मागच्या अंधारातून गंज चढलेला एक डबा आणला. मोरपिशी. वर जाड साय धरलेली, पण खाली रंग जिवंत. "ह्यो घेवन जा. माका परत नको," म्हणाला. पैशांचं विचारलं तर नुसता हात हलवला. भिकाजी शेटच्या हातून फुकट काही सुटल्याचं वाडीत कोणाला आठवत नसेल. फुकट ते पौष्टिक. मी जास्त चौकशी केली नाही.

६ सप्टेंबर

आजचा दिवस आयुष्यातला चांगला दिवस. उजाडता राईत गेलो. पतंग रात्री उडतात आणि दिवसा खोडांना पंख पसरून बसून राहतात, इतके निवांत की आगकाडीचं टोक रंगात बुडवून पंखावर टेकवलं तरी हलत नाहीत. ताकाच्या रंगावर मोरपिशी ठिपका. लहानपणी आई बोट धरून इथे आणायची आणि लांबूनच हात जोडायला लावायची. आज मी त्यांच्या पंखांना हात लावला आणि मला रडू आलं. गणिताच्या मास्तराला शोभत नाही, पण इथे वाचणार कोण?

हाताला लागले तेवढेच रंगवले. वरच्या फांद्यांवर चढायचं माझं वय नाही.

परतताना वाटेत यशोदा भेटली. तिचा मुलगा 'सातेरी'वर होता. राईच्या कडेला एका बुंध्यावर रंगवलेलं पाखरू बसलं होतं, ते मी तिला कौतुकाने दाखवलं. तिने पाहिलं आणि मटकन खाली बसली. उपास असणार. पाणी देऊ का विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तर, ह्यो रंग तुमका खंय गवसलो?" म्हटलं, शेटने दिला. ती उठून तरातरा चालायला लागली. उपाशी बाई एवढी भरभर चालते हे नवलच.

७ सप्टेंबर

आणखी रंगवले. एकूण नव्वद झाले. आता दोन दिवस राईत पाऊल टाकायचं नाही. मिसळू द्यायचे.

८ सप्टेंबर

रविवार. काही काम नाही, म्हणून घरातलं लिहितो. बाय आज गुणगुणत होती. चार वर्षांत पहिल्यांदा. माझ्या येण्याने तिला बरं वाटलं हे उघड आहे. इतके दिवस का आलो नाही म्हणून स्वतःचाच राग आला. जेवायला पेडव्यांचं तिखलं होतं. पेडवे मला आवडत नाहीत हे तिला ठाऊक आहे, आवडायचे ते भावोजींना. पण मुकाट्याने काटे काढत जेवलो.

मधल्या खोलीचं दार तिने ओढून घेतलं आहे. माझी पिशवी तिथे होती, ती ओटीवर आणून ठेवली. "थंय जाव नको, शेणान सारवलंय," म्हणाली.

जेवताना विचारते, "तेंका खावक काय लागता रे?" मी आनंदाने माहिती दिली: या पतंगाला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं असेल त्यावर आठ दिवस निघतात, मग मरतो. माझी बहीण माझ्या विषयात रस घेते आहे! पण तिचा हात ताटातच थांबला.

"आठच दिस?"

"जास्तीत जास्त दहा."

मग ती जेवली नाही. आईसारखीच हळवी आहे. 

१० सप्टेंबर

दुसरी मूठ भरली. उजाडल्यापासून दुपारपर्यंत राईत. सत्तर पतंग तपासले. ठिपक्याचे निघाले दोन.

दोन!

चारदा पाहिलं. रंग उडाला असेल म्हणून पंखांवरून बोट फिरवलं. रंग तेलाचा आहे, उडत नाही. नव्वद गुणिले सत्तर भागिले दोन. तीन हजार एकशे पन्नास.

११ सप्टेंबर

झोप नाही. पुन्हा राईत गेलो. खरं सांगायचं तर रंगवले त्या दिवसापेक्षा आज पतंग कमीच दिसतात. ज्या सातविणीवर तेव्हा पाचसहा बसले होते तिथे एकही नाही. डोळे म्हणतात चारशे, त्रैराशिक म्हणतं तीन हजार. पण डोळ्यांवर विसंबायचं तर मुलांना गणित कशाला शिकवायचं? माझ्या डोळ्यांना हवं तेच दिसतंय, एवढाच याचा अर्थ. राई वाचावी म्हणून मी आलो होतो, आणि राई तोडायला पुरेल एवढा आकडा माझ्याच हाताने निघाला.

दोनच्या जागी वीस लिहिलं तर? तीनशे पंधरा येतात. अगदी माझ्या मनातला आकडा. एक शून्य. कोण बघायला येणार आहे?

बायला सांगितलं नव्हतं, पण ती स्वतःच म्हणाली, "तोंड कित्याक उतरलाहा तुजा?" सांगितलं, की पाखरं फार निघाली. ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती. मग मधल्या खोलीकडे बघितलं आणि चुलीकडे वळली.

१३ सप्टेंबर

मालवणला जाऊन अहवाल टपालात टाकला. तीन हजार एकशे पन्नास, सहीनिशी. खोटं लिहिलं नाही. वर्गात मुलांना छडी मारून शिकवलेलं स्वतः मोडायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे. घरी येऊन ओटीवर पडून राहिलो. प्रामाणिकपणाचं समाधान म्हणतात ते काही जाणवलं नाही.

१६ सप्टेंबर

वाडीत दोनतीन घरांतून रडण्याचे आवाज येतात. पितृपक्षाचे शेवटचे दिवस, आठवणी निघत असतील. बाय दिवसभर मधल्या खोलीत. हाक मारली तर आतून म्हणाली, "आज तुज्या हातान पेज करून खा." मी पेज केली, तीही लागली.

१७ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या



सकाळी बाय घरात नव्हती. किनाऱ्यावर माणसं दिसली म्हणून गेलो. नऊ घरच्या बायका, काही म्हातारे, भिकाजी शेट टोपी हातात धरून. मध्ये वाळूत करवंट्यांचा विस्तव. बाजूला केळीच्या पानांवर मेलेली पाखरं ओळीने मांडलेली. प्रत्येकाच्या पंखावर मोरपिशी ठिपका.

मला सगळं कळायला क्षणही लागला नाही, आणि कळलं तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शेटने माझा दंड धरला आणि बाजूला नेलं.

"'सातेरी'चो रंग तो, मास्तर. त्या वर्सा नवोच लावलेलो. मचवो गेल्यावर तो डबो दुसऱ्या होडयेक कोण लावतलो? पडान होतो. तुमी मागलास, म्हणान दिलंय. माका तरी काय म्हायत असा होतला म्हणान?"

मी त्या वर्षी सावंतवाडीत होतो. मचवा त्या रंगात मी पाहिलाच नव्हता. यशोदेने पाहिला होता. पाखराच्या पंखावर 'सातेरी'चा रंग बघितला आणि तिने नऊ घरांत सांगितलं, की मचव्यावरचे परत आले.

बायपाशी गेलो. "बाय, अगो किती नेलात?"

"हाताक लागले ते सगळे."

"सगळे कित्याक? माणसां नऊ होती!"

"कोण कोणाचो ता आमका कसा कळतला रे? एकादो ऱ्हवलो तर? म्हणान सगळेच आणले आणि वाटून घेतलांव."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. "ती पाखरां होती, बाय!"

"व्हय," ती म्हणाली, "पाखरांच होती. माका काय ता दिसणा नाय? पण आठ दिस घरात कोणतरी होता."

मग तिने केळीचं पान उचललं. नऊ बायकांनी एकेक करून आपापलं पान विस्तवात सोडलं. पंख कागदासारखे पटकन जळतात. माझी बहीण चार वर्षांत कधी रडली नव्हती, ती मोठ्याने, नावं घेऊन रडली, आणि यशोदेने तिच्या हातातल्या बांगड्या दगडावर फोडल्या. मीही रडलो. भावोजींसाठी, आणि खरं सांगतो, राईसाठीही.

१८ सप्टेंबर

राईत जाऊन आलो. हंगाम संपला. फांद्यांवर दोनचार फाटके पंख हलताहेत. पुन्हा मोजायचं तर पुढच्या भाद्रपदात.

कचेरीला सविस्तर पत्र लिहिलं. खुणेचे पतंग माणसांनी उचलून नेले, सबब आकडा चूक, मोजणी रद्द धरावी.

१ ऑक्टोबर. सावंतवाडी

साहेबांनी कचेरीत बोलावलं होतं. माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, चहा मागवला.

"मास्तर, आकडा तुमच्या सहीचा आहे. तुम्हाला राई हवी होती, आकडा उलटा आला, आणि आता बायकांनी पतंग पळवले म्हणता. मी वर काय सांगू?"

"खरं तेच सांगा."

"मग नावं द्या. कोणी पकडले, किती पकडले. जबाब घेऊ. जबाब मिळाले तर मोजणी रद्द. पण पतंग रक्षित आहे, तुमच्याच अर्जावरून. पकडणाऱ्यावर खटला भरावा लागेल. माझाही इलाज नाही."

बरोबर बोलला. त्याच्या जागी मीही हेच बोललो असतो. चहा निवून गेला होता, तसाच प्यालो.

६ ऑक्टोबर. वेळेवाडी

बायला सगळं सांगितलं. तुझा जबाब, बाकी आठ घरांचे जबाब, मग राई वाचेल. खटला झाला तर दंड मी भरीन. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिचं कपाळ अजून माझ्या डोळ्यांना सवयीचं झालेलं नाही.

"माजा नाव लिव," ती म्हणाली. "पण पाखरू धरलंय म्हणान लिवू नको. सहदेव घराक इलो, आठ दिस ऱ्हवलो आणि गेलो, असा लिव. मगे सरकार काय करतला ता करांदे."

"बाय, असा सरकारी कागदार लिवक येणा नाय."

"मगे लिवू नको."

बाकीच्यांचं विचारलं, तर म्हणाली, "तेंका तू विचारू नको हां, सत्या. माजी आण आसा." 

कागद पुढ्यात घेऊन बसलो. हिरा, यशोदा, ही दोन नावं तर मला ठाऊकच आहेत. मचव्यावरची नऊ घरं वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. लिहायला कोणाचा जबाब कशाला हवा? पण लेखणी उचलेना. बहिणीचा नवरा एकदाचा गेला, त्याचा पंचनामा मी करू? आणि नाही केला तर राई जाते. संध्याकाळपर्यंत बसलो आणि कागद तसाच कोरा परत नेला.

हा माझा भित्रेपणा की माया, मला कळत नाही. जगात कुठेच नसलेलं एक पाखरू मी बहिणीपायी देऊन टाकलं, एवढं कळतं.

२० नोव्हेंबर. सावंतवाडी

मंडळाचं छापील कार्ड आलं. संख्या समाधानकारक असल्याचं वाचून आनंद झाला, म्हणतात. पतंगाचं नाव रक्षितांतून काढलं. राईचा मक्ता घाटावरच्या एका कोळसेवाल्याला गेला.

अजून एक आशा आहे. देवाच्या राईत कुऱ्हाड घालायला त्याला गावचा माणूस मिळणार नाही. बाहेरून आणले तर बायका आडव्या पडतील. आज्याच्या वेळी एकाने एक फणस तोडला होता, तर बायकांनी त्याला वर्षभर विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. हे कायद्यापेक्षा पक्कं आहे. अडाणीपणा म्हणून मी ज्याला हसत होतो, त्याच्यावरच आता भिस्त.

२६ डिसेंबर. वेळेवाडी

नाताळची सुट्टी. एस.टी.तून उतरतानाच कुऱ्हाडींचे आवाज ऐकू आले. निम्मी राई आडवी आहे. तोडणाऱ्यांत वाडीचेच सातआठ गडी आहेत, मला बघून त्यांनी 'मास्तर, बरे मां?' म्हणून विचारलंसुद्धा.

धावत यशोदेकडे गेलो. म्हटलं, काकी, बायकांना घेऊन चला, तुम्ही समोर बसलात तर कोणाची टाप नाही. कोश आहेत तिथे, झाडांच्या मुळाशी पाल्यात. भाद्रपदात पाखरं यायची आहेत.

ती सूप पाखडत होती, ते तिने खाली ठेवलं. माझ्यावर रागावली नाही, मुलाला समजावतात तसं समजावलं.

"आता थंय कोण आसा मास्तर? आमचे इले आणि गेले. तुमीच तर दाखवून दिलास. आता तेंका परत परत कित्याक बोलवायचा? सुटले ते."

"आणि बाकीचे पितर?"

"नऊ वेगळे आणि बाकीचे वेगळे असा कोण धरता आता? विस्तवात घातलांव तेव्हा देवीक गाऱ्हाणा घातला सगळ्यांच्या नावान. सगळ्यांका वाट मेळाली."

शंभर-दोनशे वर्षं ज्या भीतीने ती राई उभी होती, ती मी एका आगकाडीच्या टोकाने पुसून टाकली. आकडा चुकला नसता, साहेबांनी राई राखली असती, तरी आज ना उद्या ती गेलीच असती. हा विचार मनात आला तेव्हा मी यशोदेच्या अंगणातच बसलो.

२८ डिसेंबर

पाल्यात शोधून तीन कोश मिळाले. दोन चिरडलेले. तिसरा कानाशी धरून हलवला. आत काही नाही. एखादा चांगला मिळाला असता तरी कुठे नेऊन ठेवणार होतो? ज्या झाडाचा पाला त्याची अळी खाते, ती झाडं मक्तेदाराने पहिल्याच दिवशी पाडली. मऊ लाकूड, लवकर वाळतं.

दुपारी घरी आलो. बायची तब्येत सुधारली आहे. गालावर मांस आलंय, रात्री झोपते, शेजारणीकडे जाऊन गप्पा मारते. मधल्या खोलीचं दार उघडं असतं, माझी पिशवीही आता तिथेच आहे. याचा मला आनंद व्हायला हवा, आणि होतोही. तोच मला सहन होत नाही.

पडवीत लाकडांचा मोठा भारा रचलेला होता. ताज्या तोडीची लाकडं, साल अजून ओली. मी विचारलं नाही, तरी ती चुलीपाशी वाकून फुंकर घालता घालता म्हणाली, "राईतला आसा. मक्तेदार बारक्या फांदयो फुकट देता. सगळीच आणतत."

चूल चांगली पेटली होती. तिने पान वाढलं. बांगड्याची आमटी होती, मला आवडते म्हणून मुद्दाम केलेली.

"जेव रे, निवता," बाय म्हणाली.

मी जेवलो.